बाकावरचं पोहणं

पाइपाच्या तोंडातून आधी एक पाल बाहेर पडली, मग बराच वेळ पाइप नुसतीच हवा खोकत राहिला, आणि मग पाणी आलं. पहिलं पाणी गंजाचं होतं, लालसर. बाई टँकच्या काठावर उकिडव्या बसून बघत होत्या. त्यांच्या मागे वॉचमन उभा होता आणि वॉचमनच्या मागे, आत येऊ नका म्हणून पुन्हा पुन्हा बजावूनही, सगळी पोरं उभी होती.

“बाई, हे असंच लाल राहणार?” बडबड्याने विचारलं.

“नाही रे. पाइपाला पाण्याची सवय राहिली नाही. खाकरतोय तो. घसा मोकळा होऊ दे त्याचा.”

खरंच थोड्या वेळाने लाली गेली. धार जाड झाली, फरशीवर आपटली आणि उतारावरून खोल बाजूकडे धावत सुटली. पोरंही काठाकाठाने तिच्याबरोबर धावली. काठावर पळायचं नाही, हे वाक्य बाईंनी आयुष्यात स्वतःच्या नावापेक्षा जास्त वेळा उच्चारलं असेल. पण आज ते तोंडातून बाहेर पडेना. एखाद्या शर्यतीला स्वतःच उभ्या राहिल्यासारख्या त्या पुढे वाकून धारेकडे बघत होत्या.

“ती बघ, माझी फरशी बुडली,” चष्मिस म्हणाली.

“माझी कधीच बुडली,” बडबड्या म्हणाला.

टँकच्या तळाची एकेक फरशी पोरांनी वाटून घेतलेली होती, कारण त्यांचा वर्ग तिथेच भरायचा. टँक कोरडा पडून इतकी वर्षं झाली होती, की त्यांच्यातल्या एकानेही त्यात कधी पाणी पाहिलं नव्हतं. सकाळच्या वेळी खोल बाजूला छान सावली असे. बाई तिथे कपडे बदलायच्या खोलीतली लाकडी बाकं ओळीने मांडत, पोरांना त्यांवर पालथं झोपवत आणि पोहायला शिकवत. पाण्याचा थेंब नसताना.

ऐकणाऱ्याला हसू येईल, आणि गाव हसतही होतंच. “बाई, टॉवेल आणायचा का?” असं रस्त्यात कुणी ना कुणी विचारायचं. बाईंचे यजमान बसचे ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले, ते म्हणत, “मी पण उद्यापासून पलंगावर बसून बस चालवायला शिकवतो. डिझेलचा खर्च नाही, आणि अपघात तर मुळीच नाही.” बाई चिडत नसत. हसणाऱ्याला एकदाच उत्तर द्यायचं आणि आपल्या कामाला लागायचं, हा त्यांचा स्वभाव.

पाऊस कमी झाला होता असंही नाही. त्याची तऱ्हा बदलली होती. पूर्वी तो यायचा तो मुक्कामाला यायचा. आता महिनोन्‌महिने तोंड दाखवत नसे, आणि आला की एका रात्रीत सगळं ओतून मोकळा होई. वरच्या धरणाला तेवढं पाणी एकदम पोटात घेता येत नसे. मग दरवाजे उघडायचे, पाणी गावात धुमाकूळ घालून समुद्राकडे निघून जायचं, आणि पंधरवड्यात पुन्हा नळाला दिवसाआड पाणी. हवामान पूर्वीचं राहिलं नाही, असं म्हातारी माणसं ओट्यावर बसून म्हणत, आणि का राहिलं नाही याची कारणं त्यांची नातवंडं शाळेत पाठ करत. नळाला मात्र दोघांच्याही घरी दिवसाआडच पाणी येई.

पाणी आटायला लागलं तेव्हा गावाने पहिल्यांदा सोडलं ते पोहणं. बाईंनाही त्यावर काही बोलता आलं नाही. लोक प्यायला पाणी मागत असताना पोहायला कुठल्या तोंडाने मागायचं? टँक रिकामा झाला. बाईंची नोकरी कागदावर तेवढी शिल्लक राहिली. रोज येऊन त्या कुलूप उघडत, कोरडा टँक झाडून काढत आणि कुलूप लावून घरी जात.

मग एका वर्षी असाच सगळा पाऊस एकदम आला आणि शाळा सुटायच्या वेळेला पुलाखालचा रस्ता भरला. बेकरीवाल्याचा थोरला मुलगा त्यात गेला. पाणी फार खोल नव्हतं. चार हात मारले असते तर तो कठड्यापर्यंत पोचला असता. पण त्या वयाच्या एकाही पोराला चार हात मारता येत नव्हते, कारण ती पोरं मोठी झाली त्या गावात पाणीच नव्हतं.

बाईंच्या जिवाला हे फार लागलं. बेकरीवाल्याला त्यांनीच लहानपणी पोहायला शिकवलं होतं. पुढच्याच आठवड्यात त्यांनी बाकं बाहेर काढली. हसणाऱ्यांना द्यायचं ते एक उत्तर त्यांनी तेव्हाच दिलं. “पाणी नाही म्हणून शिकायचं नाही, आणि आलं की बुडायचं? असं कसं चालेल?”

सगळ्यांत आधी आपली मुलगी घेऊन आला तो बेकरीवालाच. धाकटी त्याची. तिला बाकावर झोपवून तो पायऱ्यांवर बसून राहायचा, कपड्यांवर पीठ तसंच. बाई बाकांच्या डाव्या अंगाने फेऱ्या मारत मोजायच्या, “एक, दोन, तीन, श्वास. एक, दोन, तीन, श्वास.” श्वास म्हटलं की सगळी तोंडं डावीकडे वळायची. वर्ग सुटला की बेकरीवाला उठायचा आणि रोज तेच विचारायचा.

“बाई, हिला येतं ना?”

“येतं,” बाई म्हणायच्या.

आणि दर वेळी नजर चुकवून बाकं आवरायला लागायच्या. कारण येतं की नाही हे त्यांनाच ठाऊक नव्हतं. बाकावर हात मारणारं पोर पाण्यात काय करेल, हे कुणाला ठाऊक असणार? कधी कधी त्यांना वाटे, आपण पोरांना काही दिलं नाही, नुसता खोटा धीर दिला. भित्रं पोर पाण्यापासून निदान लांब तरी राहतं. ज्याला आपल्याला येतं असं वाटतं, ते उडी मारतं.

आता ते कळणार होतं, आणि तेही एकाच दिवसात.

झालं होतं असं, की डोंगरावर पुन्हा एकदा सगळं ओतून झालं होतं आणि धरण तुडुंब होतं. पाणी खात्याचे साहेब बरेच दिवस एका गोष्टीच्या मागे होते: पोहण्याच्या टँकवर स्लॅब घालायचा आणि असं एकदम येणारं पाणी त्यात धरून ठेवायचं. त्याआधी टँक गळतो का, ते बघायला हवं. म्हणून तो काठोकाठ भरायचा, पाण्याच्या पातळीला खूण करायची आणि एक अख्खा दिवस त्याला हात लावायचा नाही. पातळी उतरली नाही तर टँक धड. मग तपासणीचं पाणी टँकरने काढून रस्त्याकडेच्या झाडांना घालायचं, आणि दुसऱ्या दिवसापासून स्लॅबचं काम सुरू.

साहेबही बाईंचेच विद्यार्थी. लहानपणी त्यांना सगळे लांब्या म्हणत. चारचौघांत बाई त्यांना साहेब म्हणत आणि एकटे सापडले की लांब्या.

“लांब्या, खूण बघून झाली आणि टँकर अजून यायचेत, त्या मधल्या वेळात ते पाणी कुणाचं?” बाईंनी त्यांना ऑफिसात जाऊन विचारलं होतं.

साहेबांनी थोडा विचार केला. “त्या वेळात ते कुणाचंच नाही, बाई.”

“मग ते माझं.”

संध्याकाळपर्यंत टँक भरला. साहेबांनी भिंतीवर तांबड्या रंगाने रेघ ओढली आणि पाण्याला कुणी बोटही लावायचं नाही असं बजावून ते गेले. बाई घरी आल्या, पण घरी त्यांचं लक्ष कुठे होतं? भाजीत मीठ पडलंच नाही. यजमानांनी पहिला घास घेतला, बाईंच्या तोंडाकडे पाहिलं आणि गुपचूप उठून मिठाची बरणी घेऊन आले.

“तू तर अशी वागतेयस, जसं काही उद्या तुझंच लग्न आहे,” ते म्हणाले.

“अहो, लग्नाला मी इतकी घाबरले नव्हते.”

“मी घाबरलो होतो,” यजमान म्हणाले. मग थट्टा सोडून त्यांनी विचारलं, “आलं नाही त्यांना, तर?”

“तर बेकरीवाल्याला खरं सांगायचं. माझ्याच तोंडाने.”

यजमानांनी बाईंच्या भाजीत मीठ घातलं, नीट कालवलं आणि ताट त्यांच्यापुढे सरकवलं.

दुसऱ्या दिवशीचं ते वाट बघणं म्हणजे शिक्षा होती. शाळेला सुट्टी होती. पोरं सकाळपासून काठावर हजर. समोर एवढं पाणी, आणि हात लावायची सोय नाही. बाईंनी बाकं काठावरच मांडली आणि वर्ग घेतला, पण सगळ्यांच्या माना पाण्याकडे. झाडाचं एक पान पाण्यात पडलं तर बडबड्याने त्याची तक्रार केली. “बाई, त्याला चालतं आणि आम्हाला नाही?”

दुपार कलू लागली तशी टँकच्या भिंतीपलीकडे माणसं जमायला लागली. आया आल्या, दुकानं अर्धवट ओढून दुकानदार आले. रस्त्यात टॉवेल आणायचा का म्हणून विचारणारेही आले, आणि त्यांच्यातल्या एकाच्या खांद्यावर खरोखरच टॉवेल होता. बाईंचे यजमान वॉचमनशेजारी हवा भरलेली ट्यूब धरून उभे राहिले. बसची नेहमीची वेळ चुकू नये तसे ते सारखे घड्याळ बघत होते.

साहेब आले. वाकून त्यांनी रेघ पाहिली, पट्टी लावून पाहिली, पुन्हा चष्मा पुसून पाहिली.

“तसूभरही उतरलं नाही,” साहेब म्हणाले. “बाई, टँक तुमचा ठणठणीत आहे.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनीही वाजवल्या, पण त्या मधेच थांबल्या. टँक गळका निघाला असता तर त्यावर स्लॅब घातला गेला नसता. जन्मभर झाडून पुसून जपलेला टँक धड निघाला, म्हणूनच तो आता झाकला जाणार होता. त्यांना अभिमान वाटला आणि रडूही आलं. मग रडायला वेळ नाही हे लक्षात येऊन त्यांनी पदर खोचला.

“टँकर यायला अवकाश आहे,” साहेब म्हणाले. “तोवर मी ऑफिसात आहे. मला इथलं काही दिसत नाही.” आणि ऑफिसात जायचं सोडून ते पायऱ्यांवर बसले आणि बुटाची नाडी सोडायला लागले.

पोरांच्या अंगावर रोजचेच कपडे होते. पोहायचे कपडे कुणाकडे नव्हतेच, आणि बाईंना ते नकोही होते. “पाणी येईल तेव्हा तुम्ही शाळेच्या कपड्यांत असाल. मग आजही कपड्यांतच.”

पहिला मान बडबड्याने मागून घेतला. उथळ बाजूच्या पायऱ्या उतरून तो कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला, दात वाजले, हसला. मग रोज बाकावर जसं अंग टाकायचा तसंच त्याने पाण्यावर बिनधास्त अंग टाकलं आणि सरळ तळाला गेला. बाईंनी पायरीवरून वाकून, दंडाला धरून ओढून काढला तेव्हा तो खोकत, शिंकत, रागाने लाल झालेला.

“बाई, हे धरत नाही,” तो म्हणाला. “बाक धरतं. हे धरतच नाही.”

भिंतीवरून हशा उठला. बाईंच्या मात्र तिथल्या तिथे ध्यानात आलं. इतकी वर्षं हात शिकवले, पाय शिकवले, मान कशी वळवायची ते शिकवलं, आणि पाण्यावर पडून कसं राहायचं ही पहिली गोष्ट शिकवलीच नव्हती, कारण बाकावर ती शिकवायची वेळच येत नाही. बेकरीवाला पलीकडच्या काठाला, लोखंडी कठड्यापाशी उभा होता. हशा ऐकून त्याने पाण्याकडे पाठ केली आणि तो नियमांची पाटी वाचायला लागला. धाकटी त्याच्याकडे बघत होती.

बाईंनी चपला काढल्या आणि साडीसकट पाण्यात उतरल्या.

“इकडे ये,” त्या बडबड्याला म्हणाल्या. “हा माझा हात. हेच तुझं बाक. झोप.”

तो त्यांच्या तळव्यावर पालथा झाला. पोट लाकडासारखं ताठ. “सैल सोड. तोंड पाण्यात. श्वास रोखून धर.” पोरगं सैल पडलं तसं त्यांना तळव्यावर त्याचं ओझं हलकं होताना कळलं. त्यांनी हात जरासा खाली नेला. आणखी जरासा. आता हातावर काहीच ओझं नव्हतं, आणि पोरगं वरच होतं. बाईंनी दोन्ही हात पाण्याबाहेर काढून सगळ्यांना दाखवले.

बडबड्याने तोंड वर काढलं. “बाई, हात घट्ट धरा हं.”

“मी कधीच सोडला,” बाई म्हणाल्या, आणि मग त्यांना हसू आवरेना.

एकाला जमलं म्हटल्यावर बाकीच्यांना धीर आला. बाई एकेकाला तळव्यावर घेत होत्या आणि सोडत होत्या. साहेबही पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उतरले, आणि चष्मिसने त्यांच्या हातावर पडून राहायला साफ नकार दिला, कारण ते शिकवणारे नव्हते. पाण्यावर तरंगणं जमल्यावर हात आणि पाय आपसूक आले. इतक्या वर्षांची सवय ती. पोरांना आठवावंसुद्धा लागलं नाही. सगळ्या टँकभर पाण्याचा आणि हसण्याचा गोंधळ उडाला.

मग दुसरीच अडचण आली. पोरं झकास हात मारायची, एक, दोन, तीन, डावीकडे तोंडही वळवायची, आणि तिथेच थांबायची. श्वास घ्यायचीच नाहीत. गाल फुगवून, डोळे वटारून नुसती बघत राहायची आणि मग धडपडत उभी राहायची.

“अगं, श्वास का घेत नाहीस?” बाईंनी चष्मिसला विचारलं.

“चपला दिसल्या नाहीत,” ती म्हणाली.

“कुठल्या चपला?”

“तुमच्या. निळ्या. त्या दिसल्या की श्वास घ्यायचा ना?”

बाईंनी काठावर काढून ठेवलेल्या आपल्या चपलांकडे पाहिलं. पालथ्या पडलेल्या पोराने मान वळवली की त्याला दिसणार काय? फेऱ्या मारणाऱ्या बाईंच्या निळ्या रबरी चपला. पोरांनी आकडे ऐकले नव्हते, की बाई काय सांगतात तेही ऐकलं नव्हतं. चपला दिसल्या, श्वास घेतला, एवढंच ती शिकली होती. यजमान काठावर पोट धरून हसत होते. बाई तशाच निथळत वर आल्या, चपला पायात अडकवल्या आणि काठाकाठाने चालायला लागल्या. “एक, दोन, तीन, श्वास.” पोरांनी मान वळवली, चपला पाहिल्या आणि श्वास घेतला.

यानंतर बाईंना उसंत मिळाली नाही. पोर या टोकाकडून त्या टोकाकडे निघालं की बाई या काठाने, आणि ते परतायला लागलं की त्यांनी वळसा घालून पलीकडच्या काठाला जायचं, कारण पोराची डावी बाजू आता तिकडे झालेली. चपला चपचप वाजत होत्या. साडी पायात येत होती. एका पोराला पोचवलं की दुसरं निघायचं. बाई धापा टाकत होत्या, कुणाला शाबासकी देत होत्या, कुणाला दटावत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता, की भिंतीवरच्या बायकाही त्यांच्याबरोबर आकडे म्हणायला लागल्या. ज्याच्या खांद्यावर टॉवेल होता त्याने आत येऊन तो स्वतःहून एका कुडकुडणाऱ्या पोराला गुंडाळला.

राहिली धाकटी. ती मुद्दामच मागे राहिली होती. फाटकाबाहेर टँकर येऊन उभे राहिल्याचा आवाज आला.

“जाऊ दे, नको म्हणत असेल तर,” साहेब हळूच म्हणाले.

“नको कुठे म्हणतेय ती?” बाई म्हणाल्या.

चपला काठावर काढून बाई पुन्हा पाण्यात उतरल्या, आणि मागोमाग धाकटी उतरली. बाईंच्या हातावर ती पडलीसुद्धा नाही. इतका वेळ नीट बघून घेतलं होतं तिने. पाण्यावर झोपली, राहिली, आणि निघाली. बाई घाईने वर येऊन चपला घालून काठाने चालू लागल्या. “एक, दोन, तीन, श्वास.” पोरीचे हात सरळ आणि शांत पडत होते. उथळ बाजू संपली, खोल बाजू आली, तरी ती थांबली नाही. टोकाची भिंत तिने हाताने शिवली. बाईंना वाटलं, आता ती भिंतीला धरून दम घेईल. बाकीची पोरं तसंच करत होती. पण धाकटी लगेच वळली आणि परत निघाली.

बाई अजून अलीकडच्याच काठावर होत्या. पलीकडे जायचं तर सगळा वळसा. त्या निघाल्या आणि साडी चपलेत अडकून गुडघ्यावर बसल्या. उठेपर्यंत पोरगी खोल पाण्याच्या मधोमध आली होती. एक, दोन, तीन. तिने डावीकडे मान वळवली. तिकडे निळ्या चपला नव्हत्या. तिने श्वास घेतला नाही. मान परत पाण्यात घातली, पुन्हा हात मारले, पुन्हा वळवली. हात आता वेडेवाकडे पडायला लागले होते. यजमान ट्यूब घेऊन धावले. बाई ओरडल्या, पण पाण्यात कान बुडलेल्या पोरीला काय ऐकू जाणार?

पलीकडच्या काठावर होता तो फक्त बेकरीवाला. पाठ फिरवून, पाटीकडे तोंड करून.

“अरे, मागे बघ,” बाई जीव तोडून म्हणाल्या. “चाल तिच्याबरोबर.”

तो वळला. त्याने पोरीला पाहिलं, आणि पुढचं त्याला कुणी सांगावं लागलं नाही. रोज पायऱ्यांवर बसून ऐकलेलं होतं सगळं. कठडा ओलांडून तो पाण्याच्या अगदी कडेला आला आणि तिच्याबरोबर निघाला. पायात पिठाने पांढरे झालेले बूट. “एक,” तो म्हणाला, “दोन, तीन, श्वास.”

धाकटीने मान वळवली. बूट पाहिले. तोंड उघडून तिने जो श्वास घेतला तो अख्ख्या टँकला ऐकू आला.

“एक, दोन, तीन, श्वास.” हात पुन्हा सरळ झाले. ती जोरात निघाली तसा बापही जोरात निघाला, आणि शेवटी शेवटी तर तो काठावरून चक्क पळत होता. काठावर पळायचं नाही, असं पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं आणि ती पाटी तो आत्ताच वाचून आला होता. बाई त्याला काही बोलल्या नाहीत. त्या गुडघा धरून तिथेच बसल्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या.

धाकटी पायऱ्यांशी येऊन उभी राहिली. बेकरीवाल्याने अंगातला एप्रन काढून तिला गुंडाळलं, पिठासकट. मग तो बाईंपाशी आला. रोजचं विचारायला तोंड उघडलं, पण आज त्याने विचारलं नाही.

“येतं हिला,” तो म्हणाला.

“येतं,” बाई म्हणाल्या. आज त्यांनी नजर चुकवली नाही.

बेकरीवाल्याने हात देऊन त्यांना उठवलं. थोरला त्या दोघांच्या मध्येच होता.

टँकरवाले आत आले आणि जाड नळ्या पाण्यात सोडल्या. पोरं आपापल्या आईबापांबरोबर निघाली. जाताना बडबड्या प्रत्येकाला सांगत होता, की बाईंनी हात कधीच सोडला होता. साहेब ओल्या पायांत मोजे चढवायचा प्रयत्न करत होते.

“बाई, सगळ्यांना पोहवलंत, पण तुम्ही पोहलाच नाहीत,” ते म्हणाले. “टँकर थांबवतो मी. एक फेरी मारा. पुन्हा हे पाणी दिसायचं नाही.”

“माझं पोहून झालंय, लांब्या. आयुष्यभर तेच केलं.” बाईंनी चपला काढून बाजूला ठेवल्या, काठावर बसल्या आणि दोन्ही पाय पाण्यात सोडले. “मला एक सांग, तुझा तो स्लॅब सपाट असणार, की उताराचा?”

“सपाटच. का?”

“बाकं डगमगायला नकोत.”

साहेबांचा मोजा हातातच राहिला. “स्लॅबवर?”

“मग कुठे? पावसाने सोडलंय का आपल्याला? दर वर्षी नवी पोरं येणार. खाली पाणी असेल, वर पोरं असतील. पण पडून राहायचं कसं, ते आधी हातावर घेऊन शिकवणार. हे मात्र मला आज कळलं.”

वॉचमनने विचारलं, बाकं आत ठेवू का. बाई म्हणाल्या, राहू देत, स्लॅब होईपर्यंत काठावर लागतील. यजमान शेजारी येऊन बसले. त्यांनी पाण्यात पाय सोडले नाहीत. बसच्या ड्रायव्हरला पाण्याचं कधीच आकर्षण नव्हतं. बाईंच्या चपला उचलून त्यांनी नीट जोडून ठेवल्या.

नळ्या घरघर ओढत होत्या. तांबडी रेघ कधीच उघडी पडली होती. बाईंचे घोटे पाण्याबाहेर आले, मग टाचा आल्या, मग नुसती बोटं पाण्यात राहिली. बाई थोड्या पुढे सरकल्या आणि बोटं ताणून धरली. पाणी आणखी खाली गेलं. तरी त्या तशाच बसून राहिल्या, पाय वाळेपर्यंत, आणि मग यजमानांच्या खांद्याला धरून उठल्या आणि चपला घातल्या.